पट्टा मोठा की वय मोठे? कराटेच्या वर्गातील ज्येष्ठता आणि आदर यांविषयी एक प्रश्न

प्रश्न : उशिराचा पांढरा पट्टा, टिळकवाडी, बेळगाव

नमस्कार. माझे वय 43 आहे आणि गेल्या जूनपासून मी माझ्या 11 वर्षांच्या मुलीबरोबर कराटे शिकतो आहे. खरे तर मी तिला फक्त सोडायला आणि आणायला जात असे. तासभर बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी मोबाइल चाळत बसण्यापेक्षा आत येऊन उभे राहा, असे सरांनीच एकदा म्हटले आणि मी उभा राहिलो. मुलगी दोन वर्षे आधीपासून शिकत असल्यामुळे तिच्या कमरेला नारिंगी पट्टा आहे, माझ्या कमरेला पांढरा आहे. रांगेत ती माझ्या उजवीकडे बरीच पुढे असते आणि मी डाव्या टोकाला, सात-आठ वर्षांच्या मुलांच्या शेजारी असतो. याचे मला काही वाटत नाही. शेजारच्या मुलाचे डोके माझ्या कोपराशी येते, त्यामुळे हात फिरवताना जपावे लागते, एवढेच.

खरी अडचण बोलण्याची आहे. आम्हा नवशिक्यांचा सराव एक 15 वर्षांचा तपकिरी पट्ट्याचा मुलगा घेतो. तो आमच्याच गल्लीतला आहे. त्याचे वडील आणि मी कितीतरी वर्षे गणेशोत्सवाची वर्गणी एकत्र गोळा केली आहे आणि या मुलाच्या बारशाला मी जेवलो आहे. वर्गात मात्र वरच्या पट्ट्याच्या मुलाला ‘दादा’ किंवा ‘सेम्पाई’ म्हणायचे, असा नियम आहे. ‘सेम्पाई’ म्हणताना मला नाटकात काम केल्यासारखे वाटते आणि ‘दादा’ हा शब्द तर ओठांपर्यंत येऊन परत जातो. त्याचीही पंचाईत माझ्याहून कमी नाही. ‘इच, नी, सान’ असे आकडे तो खणखणीत आवाजात मोजतो, जपानी आज्ञा देताना कुठे अडत नाही. पण माझा गुडघा चुकला की त्याला मराठीत बोलावे लागते, आणि मराठीत ‘गुडघा बाहेर घे’ म्हणावे की ‘घ्या’, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. मग तो नुसता माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवतो आणि लाजतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. गेल्या शनिवारी सरावाच्या लढती चालू होत्या. दर मिनिटाला जोडीदार बदलायचा असतो. त्यात निळ्या पट्ट्याचा 18 वर्षांचा एक मुलगा आणि पिवळ्या पट्ट्याचा 10 वर्षांचा एक मुलगा समोरासमोर आले. लहानाची लाथ अनपेक्षितपणे मोठ्याच्या पोटाला लागली आणि आजूबाजूची मुले हसली. पुढच्याच क्षणी मोठ्याने त्याच्या छातीवर अशी लाथ मारली की तो दोन-तीन फूट मागे जाऊन खाली बसला. उठला, सरकलेला पट्टा दोन्ही हातांनी सरळ केला, डोळे भरलेले असताना वाकून ‘ओस’ (कराटेतील नमस्काराचा आणि होकाराचा शब्द) म्हणाला आणि पुढच्या जोडीदारासमोर जाऊन उभा राहिला. सर त्या वेळी दुसऱ्या टोकाला एका मुलीचा हातमोजा बांधून देत होते. तीन-चार तपकिरी पट्टे पाहत होते, त्यांपैकी कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही, कारण मी पांढरा पट्टा. घरी आल्यावर हे कारण मला स्वतःलाच पटेना.

म्हणून जाणकारांना विचारतो. वयाने लहान पण पट्ट्याने मोठ्या असलेल्यांशी कसे बोलावे, आणि वरच्या पट्ट्याचा आदर म्हणजे त्याच्यापुढे गप्प राहणे, असा अर्थ आहे का?

उत्तर 1 : शहापूरची ताई

मी गेली 22 वर्षे शहापूर आणि वडगाव भागात मुलींना कराटे शिकवते आहे. बापाला मुलीच्या मागे उभे राहताना मी यापूर्वीही पाहिले आहे. बहुतेक बाप तीन महिन्यांत गुडघेदुखीचे कारण सांगून येईनासे होतात. तुम्ही टिकला आहात, त्याबद्दल आधी अभिनंदन.

पट्ट्यांची व्यवस्था अनादिकाळापासून चालत आलेली आहे, असे आपल्याकडील पालकांना वाटते, आणि काही वर्गांत तसे भासवलेही जाते. वास्तविक ती फार जुनी नाही. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची संस्था सुरू केली आणि 1883 मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिल्यांदा ‘दान’ ही श्रेणी दिली. त्यापूर्वीच्या जपानी युद्धविद्यांमध्ये अनेक वर्षांच्या शिक्षणानंतर परवानगीची लेखी पत्रे किंवा गुंडाळ्या मिळत. मधल्या पायऱ्या थोड्याच असत. ओकिनावाहून टोकियोला आलेल्या गिचिन फुनाकोशी यांनी कानो यांची ही पद्धत कराटेत घेतली आणि 1924 मध्ये पहिल्या दान श्रेणी दिल्या. पिवळा, नारिंगी, हिरवा हे रंग तर आणखी नंतरचे. ते युरोपातील ज्युदोच्या वर्गांतून रुळले. म्हणजे ज्या नारिंगी पट्ट्याच्या मागे तुम्ही उभे राहता, त्या रंगाचे वय शंभर वर्षांच्या आसपासच आहे.

‘सेम्पाई’ या शब्दाचा पट्ट्याशी मुळात संबंध नाही. त्याचा अर्थ ‘आधी आलेला सोबती’ असा आहे, आणि नंतर आलेला तो ‘कोहाई’. जपानमध्ये शाळेत, महाविद्यालयात, कचेरीतही हे शब्द वापरतात. ‘सेन्सेई’ या शब्दातील अक्षरांचा अर्थसुद्धा ‘आधी जन्मलेला’ असाच होतो. या अर्थाने तुमची मुलगी तुमची सेम्पाई आहे, कारण ती दोन वर्षे आधी आली. तो 15 वर्षांचा मुलगाही तसाच. ‘दादा’ हे आपण त्याचे सोयीचे भाषांतर केले आहे आणि भाषांतर करताना त्यात नाते आणि वय दोन्ही घुसले. तुम्हाला जे अडते आहे ते तिथे अडते आहे. माझ्या वर्गात मोठ्या वयाच्या बायका येऊ लागल्या तेव्हा मी हा नियम बदलला. लहान मुलींनी त्यांना ‘काकू’च म्हणायचे आणि ‘करा’, ‘घ्या’ असेच बोलायचे. काकूंनी मुलीला नावाने हाक मारायची, पण ती शिकवत असेल तेवढा वेळ ‘अगं’ म्हणायचे नाही.

आता शनिवारच्या प्रसंगाविषयी. आमच्याकडे सराव-लढतीत कोणाला लागले, तर पहिला जाब वरच्या पट्ट्याला द्यावा लागतो, मग सुरुवात कोणी का केलेली असेना. यामागे सरळ कारण आहे. ठोसा किंवा लाथ अंगापाशी नेऊन थांबवणे याला ‘सुन-दोमे’ म्हणतात. ‘सुन’ हे जपानी माप सुमारे 3 सेंटिमीटरचे आहे. (या शब्दावर आमच्या मुली दर वेळी हसतात आणि मी दर वेळी सासूसारखी रागावते.) पिवळ्या पट्ट्याच्या मुलाला हे अंतर अजून कळत नाही; त्याची लाथ कधी लागणार, कधी लागणार नाही, ते त्याच्याही हातात नाही. निळ्या पट्ट्याला ते कळते, किंबहुना ते कळते म्हणूनच त्याला निळा पट्टा मिळालेला आहे. लहानाची लाथ लागली याचा अर्थ मोठ्याने दार उघडे ठेवले होते. अशा वेळी ‘छान मारलीस’ असे म्हणून पुन्हा उभे राहायचे असते. माझ्या वर्गात वरच्या पट्ट्याने खालच्याशी लढताना निम्म्या वेगाने लढायचे, पहिले तीन हल्ले त्याला करू द्यायचे आणि स्वतः फक्त अडवायचे, असा क्रम आहे. तो पाळताना मोठ्यांचाच अधिक घाम निघतो.

तो मुलगा ‘ओस’ म्हणाला ते आदराने नव्हे, भीतीने. ‘ओस’ या एका शब्दाखाली आपल्याकडे फार काही झाकले जाते. माझी एक विद्यार्थिनी घरी आईने दही आणायला सांगितले तरी ‘ओस’ म्हणते, ते मला चालते. रडत म्हटलेले चालत नाही.

तुम्ही मध्ये पडायला हवे होते का? माझे मत असे आहे की वर्ग चालू असताना, सर्वांसमोर नवशिक्याने वरच्या पट्ट्याला सुनावू नये. वर्ग सुटल्यावर त्याच दिवशी सरांना सांगावे. दुसऱ्या दिवसावर टाकू नये. दुसऱ्या दिवशी ती तक्रार होते.

उत्तर 2 : तांबडी माती, येळ्ळूर

मी कराटे शिकलेलो नाही. माझे आयुष्य तालमीत गेले आहे, त्यामुळे पट्ट्याचे मला काही सांगता येणार नाही. आमच्याकडे कमरेला लांगच असते आणि ती सगळ्यांची सारखी. पण विषय ज्येष्ठतेचा आहे, म्हणून लिहितो.

तालमीत कोण कोणाच्या वर, हे कुठे लिहिलेले नसते. हौदात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरताना आधी माती कपाळाला लावायची, मारुतीला आणि वस्तादांना नमस्कार करायचा, ज्याच्याशी जोर, म्हणजे सरावाची कुस्ती, करायचा त्याला हात द्यायचा. हात मिळाला की समोरच्याची पकड सांगते की हा कोण आहे. गावच्या यात्रेत चार मैदाने मारलेला मल्लसुद्धा कोल्हापूरच्या तालमीत गेला की तिथे तो नवाच असतो आणि नव्याने माती उकरायला लागतो. आमच्याच जिल्ह्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे, जे 1959 मध्ये पहिले हिंदकेसरी झाले, ते कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत घडले. चिकोडी, निपाणी, खानापूर या पट्ट्यातून गेलेल्या कितीतरी पोरांची हीच वाट आहे. पलीकडे कानडी गावांत तालमीला गरडी म्हणतात, हाका कानडीत मारतात, पण फावडे कोणाच्या हाती द्यायचे ते तिथेही असेच ठरते.

मी 12 वर्षांचा असताना तालमीत जाऊ लागलो. पहाटे हौद उकरणे, ढेकळे फोडणे, पाणी शिंपडणे हे आम्हा लहानांचे काम. माती तयार करताना तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस पडत असे आणि तो वास दिवसभर अंगाला राही. शाळेत बाकावर शेजारी बसायला कोणी तयार नसे. आमच्यात एक विशीचा पैलवान होता. एकदा जोर करताना मी कसाबसा त्याच्या पायात पाय घालून त्याला गुडघ्यावर आणले. नुसते गुडघ्यावर, पाडले नव्हे. कट्ट्यावर बसलेले हसले. त्याने मला उचलून आपटले आणि पडल्यावर माझ्या मानेवर गुडघा दाबून धरला. तोंडात माती गेली होती, त्यामुळे मला ओरडताही येईना. वस्तादांनी नुसता हात वर केला आणि जोर थांबवला. त्या संध्याकाळी ते कोणाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पोरे फावडी उचलायला गेलो, तर त्यांनी आम्हाला कट्ट्यावर बसवले आणि फावडे त्या पैलवानाच्या हाती दिले. आठ दिवस त्याने एकट्याने हौद उकरला, ढेकळे फोडली, पाणी मारले आणि आम्ही बसून पाहिले. नवव्या दिवशी त्यालाच माझ्याशी जोर करायला उतरवले. त्या दिवशी त्याने मला ज्या पद्धतीने खाली घेतले, डोक्याखाली एक हात ठेवून, ते मला अजून आठवते. पुढे ढाक हा डाव मी पहिल्यांदा त्याच्याकडूनच शिकलो.

म्हणून ताईंचे एक म्हणणे मला पटत नाही. पोराला लागत असेल तर वर्ग सुटेपर्यंत थांबायचे कशाला? थांबवणे वेगळे आणि सुनावणे वेगळे. हात वर करून ‘थांबा’ म्हणायला कोणताही पट्टा लागत नाही. सुनावण्याचे काम मात्र वस्तादांचेच, तिथे मी ताईंशी सहमत आहे.

तालमीत सगळे चांगलेच असते असे भासवायचे नाही. जोर झाल्यावर एकमेकांचे अंग रगडणे ही मेहनतीचाच भाग असलेली गोष्ट आहे. आज मी तुझे, उद्या तू माझे. परंतु काही ठिकाणी मोठ्यांचे पाय फक्त लहानांनीच रगडायचे, बदाम त्यांनीच वाटायचे, कपडेही त्यांनीच धुवायचे आणि थंडाईच्या भांड्यात शेवटी उरलेला गाळ त्यांनी प्यायचा, असेही मी पाहिले आहे. तिथली पोरे दोन वर्षांत तालीम सोडतात, आणि मग आता कुस्तीला पोरे मिळत नाहीत म्हणून तीच मोठी मंडळी हळहळतात.

उत्तर 3 : तपकिरी पट्टा, वय 17

मी पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) आहे आणि लहान मुलांचा सराव घेते. काकांनी विचारले म्हणून आमच्या बाजूचेही कोणीतरी सांगावे, असे वाटले.

मोठ्या माणसांना शिकवणे फार अवघड जाते. मला पहिल्यांदा एका काकांची कंबर सरळ करायची होती तेव्हा मी तीन वेळा त्यांच्याभोवती फिरले आणि शेवटी सरांना बोलावले. सरांनी मला सांगितले की आधी ‘हात लावू का’ असे विचारायचे आणि मग मुठीच्या टोकाने जागा दाखवायची. गंमत अशी की कानडी मुलांच्या पालकांशी बोलताना मला अडत नाही. आपल्याकडच्या कानडीत शेवटी ‘री’ लावले की झाले. ‘माड्री’, ‘बर्री’ असे पाच वर्षांच्या मुलालाही लाडाने म्हणता येते आणि आजोबांनाही म्हणता येते. मराठीत ‘करा’ म्हटले की एकदम परीक्षेच्या हॉलमधल्यासारखे वाटते. तरीही मी ‘करा’च म्हणते, आणि काका लोक हसले नाहीत तर काम लवकर होते. काका, तुम्ही मोठ्याने ‘बरं’ एवढे जरी म्हणालात तरी त्या मुलाला धीर येईल. बोट दाखवून तो लाजतो, कारण तुम्ही काय म्हणाल ते त्याला माहीत नसते.

आता तपकिरी पट्टे गप्प का राहिले ते सांगते, कारण आमच्याकडेही असे झाले आहे. तुमच्या वर्गातले तपकिरी पट्टे बहुधा 14-15 वर्षांचे असतील आणि तो निळा पट्टा 18 वर्षांचा आहे. पट्ट्याने ते मोठे, पण घरी-दारी 18 वर्षांच्या मुलाला ते दादाच म्हणतात आणि तो त्यांना ‘ए’ म्हणतो. म्हणजे त्या 10 वर्षांच्या मुलापुढे तो पट्टा दाखवतो आणि तपकिरी पट्ट्यांपुढे वय दाखवतो. दोन्ही बाजूंनी तोच मोठा. आमच्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याला रांगेत उजवीकडे यायला सांगितले की तो म्हणे, ‘मी निळा आहे, इथेच बरा’. आणि कोणी चूक दाखवली की म्हणे, ‘तू मला शिकवणार?’ आम्हाला त्याचे काय करावे ते कधीच कळले नाही. शेवटी सरांनी नियम केला की जो सराव घेतो आहे त्याने ‘यामे’ (थांबा) म्हटले की सरांनीसुद्धा थांबायचे, आणि एकदा ते स्वतः माझ्या ‘यामे’वर अर्ध्या लाथेत थांबून दाखवले. तेव्हापासून बोलायला सोपे जाते.

उत्तर 4 : निवृत्त सुभेदार, बेळगाव

पंचवीस-सव्वीस वर्षे फौजेत काढली, त्यातली काही वर्षे इथल्याच मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात. कराटेतील कळत नाही, पण वय आणि हुद्दा यांचा पेच फौजेत रोजचा आहे.

अकादमीतून नुकताच आलेला 22-23 वर्षांचा लेफ्टनंट आणि 45 वर्षांचा सुभेदार समोरासमोर आले, तर सलाम सुभेदार करतो. तो सलाम हुद्द्याला असतो. पण तोच लेफ्टनंट त्या सुभेदाराला नावाने किंवा एकेरीत हाक मारत नाही. ‘सुभेदार साहेब’ असेच म्हणतो आणि पहिले वर्षभर त्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. हुकूम वरून खाली जातो, मान मात्र दोन्हीकडे जातो. तुमच्या त्या मुलाला ‘दादा’ म्हणण्यात तुमचे काही कमी होत नाही आणि त्याने तुम्हाला ‘काका, गुडघा बाहेर घ्या’ म्हणण्यात त्याचा पट्टा सैल होत नाही. पहिले आठ दिवस जीभ अडखळेल. आमचीही अडखळत असे, विशेषतः साहेब आपल्या मुलाच्या वयाचा असला की.

शहापूरची ताई (पुन्हा)

येळ्ळूरच्या दादांचे म्हणणे मान्य आहे. थांबवणे आणि सुनावणे यांत मी फरक केला नव्हता; तो करायला हवा होता. आमच्या वर्गात ‘यामे’ कोणीही म्हणू शकते, हे मी गृहीत धरले आणि लिहायचे राहिले. पण गृहीत धरलेला नियम नवशिक्याला माहीत नसतो, हे आता लक्षात आले. सोमवारी मुलींकडून तो मोठ्याने म्हणवून घेणार आहे, सर्वांत लहान मुलीपासून सुरुवात करून.

तपकिरी पट्ट्याने लिहिले आहे ते मात्र मला जास्त महत्त्वाचे वाटते. वयाची एक शिडी आणि पट्ट्याची एक शिडी, अशा दोन शिड्या एकाच खोलीत उभ्या असतात, आणि दोन्हींवर पाय ठेवून उभा राहणारा एखादा तरी प्रत्येक वर्गात निघतो. बायकांच्या वर्गात तो वेगळ्या रूपाने दिसतो. माझ्याकडे एक हिरव्या पट्ट्याच्या ताई होत्या, वय चाळिशीचे. मुलींना पट्ट्यावरून दटावायच्या, आणि स्वतःचा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) चुकला की ‘आता या वयात काय होणार’ असे म्हणून बसायच्या. मी त्यांना एवढेच सांगितले की या खोलीत तुम्ही एक काहीतरी निवडा. त्या रागावल्या आणि महिनाभर आल्या नाहीत. नंतर आल्या, आणि आता पट्ट्याने बोलतात व पट्ट्यानेच चुका मान्य करतात. वय दाराबाहेर चपलांजवळ ठेवायचे, असे मी म्हणत नाही, कारण ते कोणालाच जमत नाही. मलाही जमत नाही. माझ्यापेक्षा मोठ्या बाईला ओरडताना माझा आवाज आपोआप अर्धा होतो.

पट्टा सरळ करताना आमच्याकडे मुली समोरच्याकडे पाठ करून वळतात, ही पद्धत बऱ्याच वर्गांत आहे. तुमच्या वर्गातील त्या 10 वर्षांच्या मुलाने दोन्ही हातांनी पट्टा सरळ केला असे तुम्ही लिहिले. तो वळला होता का? वळला असेल, तर डोळे पुसायला त्याला तेवढीच जागा होती.

उशिराचा पांढरा पट्टा (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ताई, तो वळला होता. तुम्ही विचारल्यावर मला ते आठवले.

झाले ते थोडक्यात सांगतो. मी सरांना भेटलो. चार दिवस उशीर झाला होता, त्यामुळे ताईंनी म्हटल्याप्रमाणे ती तक्रारच झाली आणि सर आधी थोडे तुटकपणे बोलले. पण मी त्या मुलाविषयी बोलण्याऐवजी माझ्याविषयी बोललो. मी पाहत होतो आणि पांढरा पट्टा म्हणून गप्प बसलो, मला काय करता आले असते ते सांगा, असे विचारले. तेव्हा ते शांत झाले. पुढच्या वर्गात त्यांनी सर्वांना खाली बसवून ‘यामे’चा नियम सांगितला. निळ्या पट्ट्याच्या मुलाला त्यांनी सर्वांसमोर काही म्हटले नाही. त्याला महिनाभर लहान मुलांसाठी पॅड धरायला लावले आहे. तालमीतील फावड्याची गोष्ट मी त्यांना वाचून दाखवली होती, त्यामुळे ही कल्पना कोठून आली ते मला ठाऊक आहे. पॅड धरून तो कंटाळतो, हे दिसते. पण परवा त्याने एका मुलीला टाच कुठे लागली पाहिजे ते दोनदा गुडघ्यावर बसून दाखवले. दहा वर्षांचा मुलगा मात्र अजून त्याच्या पॅडकडे जात नाही, दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहतो. सरांनी त्याला ढकललेले नाही.

गल्लीतल्या मुलाशी मी घरी जाऊन बोललो. त्याच्या वडिलांसमोर बोललो हे चुकले, कारण ते मोठमोठ्याने हसले आणि त्याचे कान लाल झाले. पण आमचे ठरले. वर्गात मी त्याला ‘दादा’ म्हणणार, तो मला ‘काका’ म्हणणार आणि ‘घ्या’, ‘करा’, ‘वाका’ असे बोलणार. दाराबाहेर पडल्यावर पुन्हा ‘अरे’. पहिल्या दिवशी मी ‘बरं दादा’ म्हणालो तेव्हा डाव्या टोकाची सगळी मुले हसली आणि माझी मुलगी, जिला मागे वळून पाहण्याची परवानगी नाही, तिने मागे वळून पाहिले. चौथ्या दिवसापर्यंत कोणी हसेनासे झाले. मुलीला वर्गात काय म्हणायचे ते अजून ठरलेले नाही. तिचे म्हणणे आहे की मी तिला ‘सेम्पाई’ म्हणावे, आणि घरीही म्हटले तरी तिची हरकत नाही.